आल्टो

हर्मिनाबाईंनी मला तिसऱ्या रांगेत उभं केलं,
म्हणाल्या, तू आल्टो.
घरी सांगितलं तर सुहृद म्हणाला, गाडी ना ती?
जुनी, छोटी, पार्किंगला बरी.

माझगावच्या चर्चमागचा हॉल.
पियानोची एक पट्टी मेलेली,
तिची वेळ आली की हर्मिनाबाई
तो स्वर तोंडाने वाजवतात.
भायखळ्याच्या दवाखान्यातल्या दोन नर्सा,
कस्टममधून निवृत्त झालेले डायसकाका,
त्यांचा खर्ज आधी माझ्या खुर्चीला कळतो,
मग मला.
आणि मी: दादरच्या क्लासात मध्यमापर्यंत, काळी चार.
तिथे सांगायचे, तंबोऱ्यात मिसळून जा,
इतकी, की तू उरू नयेस.
इथे उरायचं असतं.

वरच्या बायका चाल घेऊन निघतात
पंचमावरून, उजेडातून,
मी खाली गंधार धरून बसलेली
आणि दोनच मात्रांत माझा गंधार
त्यांच्यामागे पळत सुटतो,
वरातीच्या बँडमागे परक्याचं पोर पळावं तसा.
पुन्हा, हर्मिनाबाई पेन्सिल आपटतात.
पुन्हा पळतो.
"त्यांना ऐकूच नको," शेजारची नर्स म्हणते,
स्वतःच्या कानात बोट घालून.
"ऐक," हर्मिनाबाई म्हणतात.
"ऐक, आणि जाऊ नको."

हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.
आमच्यात सुरात सूर मिसळणं म्हणजे
मोठ्या जाऊबाई म्हणाल्या आमटी खारट, तर खारट.
आरतीला सगळे एकाच ओळीवर,
कुणी घसरलं तर टाळ जोरात.
वेगळा सूर म्हणजे भांडण,
नाहीतर वेगळं बिऱ्हाड.

मग घरी सराव.
फ्रिज गुणगुणतो, साधारण मंद्र पंचम,
बिचारा चोवीस तास,
त्याच्यावर एक स्वर ठेवून बघते.
कुकरच्या शिट्टीचं काही खरं नाही, ती सरकते.
मोबाइलमध्ये स्वतःच चाल भरते
आणि स्वतःच तिच्याखाली उतरते.
तेही जमत नाही.
माझीच मी मला ओढून नेते.

हर्मिनाबाई म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी
प्रत्येकाने आपली दुसरी ओळ करून आणा.
कशाखालीही.

गुरुवारी साडेदहाला भंगारवाला आला.
त्याच्या हाळीतले शब्द कधीच झिजून गेलेत,
उरलीय नुसती चाल:
लांब पंचम, चिमुकला धैवत,
आणि धपकन सा.
मी तिसऱ्या मजल्यावर, तोंडात कपड्यांचे चिमटे.
चिमटे काढले.
पंचमाखाली गंधार ठेवला. राहिला.
धैवताखाली मध्यम.
आता सा. साला खाली काय द्यावं?
निषाद दिला. आंबट.
पुढच्या हाळीला मंद्र धैवत दिला
आणि दोन इमारतींमधल्या त्या बोळाला
एकदम तळ आला.

हातगाडी थांबली.
त्याने वर पाहिलं, डोक्यावरचा रुमाल सरकवला,
आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम,
अर्धी पट्टी चढवून ओरडला.
मला सगळं सामान उचलून वर जावं लागलं,
धापा टाकत, पण गेले,
आणि तो एका घरात, मी शेजारच्या,
मधली भिंत शाबूत.

"रद्दी आहे का, ताई?"
"नाही."
"मग?"
मग काय. काय सांगणार.
"परत म्हणा," म्हटलं.

मंगळवारी हर्मिनाबाईंनी पेन्सिल कानामागे खोचली.
डायसकाकांनी वरची ओळ म्हटली, लाजत,
मी खालची.
नर्सा हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
"चाल कुणाची?" हर्मिनाबाईंनी विचारलं,
वहीत लिहायला.

नाव विचारायचं राहिलं.
गुरुवारी विचारते.